सटवाईपुढचा कोरा कागद

त्या वर्षी माझं सरकारशी आणि देवाशी एकदमच बिनसलं होतं. सरकारशी बिनसणं आमच्या घरात नवं नव्हतं. माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, बंदी घातलेली पत्रकं सदऱ्याच्या आत दडवून आणायचा, आणि बाराखडी संपल्यावर मी थेट त्या पत्रकांवरच वाचायला शिकले. ‘पारतंत्र्य’ हा शब्द मला ‘पारिजात’च्या आधी लिहिता येत होता. देवाशी बिनसायचं कारण मात्र निराळं होतं. मला वाटू लागलं होतं की देव म्हणजेसुद्धा एक कचेरीच आहे. तिथंही मधला माणूस लागतो, तिथंही हात जोडून ताटकळावं लागतं, आणि तिथूनही शेवटी एकच उत्तर मिळतं: उद्या या.

हे उत्तर मी बेळगावच्या कचेरीत इतक्या वेळा ऐकलं होतं की झोपेतही ऐकू यायचं. तिथला कारकून कानडी होता आणि मराठीत सगळं बोलून झाल्यावर शेवटचं वाक्य तेवढं कानडीत बोलायचा. “नाळे बर्री.” म्हणजे उद्या या. अगदी आदराने म्हणायचा, आणि त्या आदराचाच मला जास्त संताप यायचा.

माझं काम साधं होतं. एका मिशनच्या दवाखान्यात मी नर्सचं आणि सुईणीचं शिक्षण पुरं केलं होतं आणि परीक्षाही पास झाले होते. तिथल्या मोठ्या सिस्टरला मी तुरुंगात जाऊन आल्याचं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तिने रक्ताची भीती वाटते का एवढंच विचारलं आणि कामाला लावलं. पण परीक्षा पास होऊन भागत नाही. मुंबईला नर्सेसच्या नोंदणीत नाव चढावं लागतं, आणि ते चढवायला जिल्ह्याच्या पोलिसांकडून चालचलणूक चांगली असल्याचा दाखला लागतो. निपाणीत एक डॉक्टरीणबाई तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांसाठी लहानसं प्रसूतिगृह काढत होत्या. त्या बायका कळा सुरू होईपर्यंत पाला निवडत बसतात आणि मग घरी जाऊन अंधाऱ्या खोलीत, दैवावर हवाला ठेवून बाळंत होतात. तिथली जागा बाईंनी माझ्यासाठी धरून ठेवली होती. दाखला आला की मी रुजू होणार होते.

दाखला येत नव्हता, कारण सरकारदप्तरी मी चोर होते.

बेचाळीस साली अण्णाने, त्याच्या दोन मित्रांनी आणि मी मिळून शाळेतलं सायक्लोस्टाईल यंत्र उचललं. पत्रकं काढायला दुसरं साधन नव्हतं. आमचं घर शहापुरात, वडील विणकर. आमचा माग खड्ड्याचा, म्हणजे विणणारा माणूस जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. यंत्र पोत्यात गुंडाळून आम्ही त्या खड्ड्यात ठेवलं. दिवसा वडील त्याच्यावर पाय ठेवून साडी विणायचे आणि ते बाजूला झाले की आम्ही पत्रकं काढायचो. पोलीस आले तेव्हा घरात मी होते. अण्णा आणि त्याचे मित्र आदल्याच दिवशी पसार झाले होते, पत्रकं वाटून संपली होती, सापडलं ते फक्त यंत्र. त्यामुळे माझ्यावर राजद्रोह नाही, बंदी मोडल्याचा आरोप नाही, नुसती चोरी लागली. हिंडलग्याच्या तुरुंगात माझ्याबरोबर ज्या घोषणा देऊन आल्या होत्या त्या राजकैदी, आणि मी चोर. सुटल्यावर हार त्यांच्याही गळ्यात पडले आणि माझ्याही. पण हार सुकतात, दप्तर सुकत नाही.

अण्णा त्यानंतर मला दिसलाच नाही. लोंढ्याच्या पुढे रानात कुणाच्या तरी खोपटात तो तापाने गेला. औषध नव्हतंच, कपाळावर ओली घडी ठेवायलाही कुणी नव्हतं म्हणे. मी तेव्हा आत होते. बाहेर आले आणि नर्स व्हायचं ठरवलं. त्यामागे याहून मोठा विचार नव्हता.

पुढे आपल्या लोकांचं मंत्रिमंडळ आलं. राजकीय शिक्षा कुणाच्या दाखल्याच्या आड येऊ देऊ नयेत असा हुकूम निघाल्याचं कानावर आलं, म्हणून मी उड्या मारत कचेरीत गेले. कारकुनाने माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला.

“यंत्र घेतलंय का न्हाय?” त्याने विचारलं.

“घेतलंय.”

“इचारून घेतलंय?”

“न्हाय.”

“मग त्याला काय म्हणायचं, बाई, तूच सांग की.”

मी सांगितलं. चांगलं अर्धं पत्रक होईल एवढं सांगितलं. चोर कोण, देश कुणाचा, शाळा कुणाच्या पैशावर चालते, सगळं काढलं. बाकावर सायकलच्या परवान्यासाठी बसलेल्या एका माणसाने टाळीसुद्धा वाजवली. कारकुनाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, नाळे बर्री. मग त्याने मला निकालाची नक्कल आणायला कोर्टात पाठवलं, कोर्टाने अर्ज करायला खाली पाठवलं, खालच्याने फौजदारांची सही आणायला पुन्हा कचेरीत पाठवलं. तिथे फौजदार दौऱ्यावर. इंग्रज निघून जाणार असं जो तो म्हणत होता. मला वाटायचं, जातील, पण हे बाक इथंच ठेवून जातील.

टिळकवाडीतले एक वकील आमच्या ओळखीचे. सज्जन माणूस. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, शाळेच्या ज्या हेडमास्तरांनी तेव्हा फिर्याद दिली त्यांनीच, ही चोरी नव्हे, चळवळीची बाब होती, असं लिहून द्यावं. पण मास्तर खटल्यानंतर बेळगाव सोडून गेले होते आणि कुठे गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, सापडले तरी त्यांच्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नाही. कोर्टात तो माणूस माझ्याकडे एकदाही न बघता खाली मान घालून उभा होता, ते मी विसरले नव्हते. दुसरी वाट म्हणजे माफीचा अर्ज. वकिलांनी तो सुंदर अक्षरात तयारही केला. लहान वय, वाईट संगत, झाल्या गोष्टीचा मनापासून पश्चात्ताप, आणि खाली माझ्या सहीपुरती जागा. लहान वय मी सोसलं असतं. पण वाईट संगत म्हणजे अण्णा.

आई म्हणाली, “सही कर गं. अण्णाला काय कळतंय आता?” हे म्हणताना तिने तोंड भिंतीकडे केलं होतं. आमची कुलदेवी चौंडेश्वरी. आईने तिचे मंगळवार धरले, दाखला आला की ओटी भरीन असं बोलली, आणि एकदा मला ओढतच देवळात घेऊन गेली. तिथे मी देवीलाही सुनावलंच. मनातल्या मनात, पण चांगलं खणखणीत. तुला दिसत नाही का, दिसत असेल तर मंगळवार कशाला लागतात, ओटी मिळाल्यावर न्याय करणार असशील तर तुझ्यात आणि त्या कारकुनात फरक काय. परत येताना आई म्हणाली, “देवापुढं तरी माणसागत बोल की. तिथंबी पत्रकागत बोलालीस, तोंडावर दिसतंय.” ती माझी आई असल्यामुळे तिला सगळं दिसायचं.

शेवटी तो अर्ज पिशवीत घालून मी निपाणीला गेले. संकेश्वर सोडून तवंदीचा घाट उतरला की मोटारीत तंबाखूचा वास भरतो. एरवी मला तो आवडतो, त्या दिवशी मी नाकाला पदर लावला. डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या आणि थकलेलं माणूस खरं बोलतं. महिनाअखेरीपलीकडे जागा धरता येणार नाही, म्हणाल्या. मग म्हणाल्या, तत्त्वं चांगली असतात, पण तत्त्वांनी नाळ कापता येत नाही. मी तिथेच, वाट बघत बसलेल्या बायकांसमोर, त्यांच्याशी भांडले. त्यांना चिकोडीला एका अडलेल्या बाईचं बोलावणं आलं आणि त्या गाडीत बसून निघून गेल्या. मी दवाखान्याच्या पायरीवर बसले. वाद घालायलाही आता कुणी उरलं नव्हतं. मी अर्ज बाहेर काढला, मांडीवर पसरला आणि पेनाचं टोपण उघडलं. खरं सांगते, त्या घटकेला मी सही करणार होते.

“तू नर्स न्हवं?” समोर एक म्हातारी उभी होती, लुगड्याला तंबाखूची धूळ. तिचं नाव तायव्वा, हे नंतर कळलं. सून अडली होती, ती डॉक्टरणीला बोलवायला आली होती, आणि आमचं भांडण तिने दारात उभं राहून सगळं ऐकलं होतं.

“माझ्याकडं परवाना न्हाय, आजी.”

“पोरगं काय परवाना बघून बाहेर यायचं थांबलंय व्हय? ऊठ.”

मी उठले. अर्ज पिशवीत कोंबला.

तायव्वाची सून शेवंता, पहिलटकरीण. नवरा तंबाखूच्या गाड्यांबरोबर परगावी. खोलीत एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात ती. मी पाणी उकळायला लावलं, कात्री आणि दोरा उकळत टाकला, हात कोपरापर्यंत घासले, आणि मग बाकीचं सगळं तिने केलं, मी फक्त सोबत होते. पण मूल आलं ते गळ्याभोवती नाळेचे वेढे घेऊन. निळसर, ढिलं, गप्प. मी वेढे सोडवले, तोंड पुसून मोकळं केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तोंडाला तोंड लावून बेताने फुंकर घातली. शिकवलं तेवढं सगळं केलं. दवाखान्यात असताना माझ्या पाठीशी सिस्टर उभी असायची. इथं पाठीशी भिंत होती. शेवंताने विचारलं, “रडंना का गं?” आणि जिला जन्मभर शब्द कमी पडले नव्हते तिच्याकडे एकही शब्द नव्हता. हात चालू होते. मन मात्र एकाएकी रिकामं झालं आणि आतून एवढंच आलं: माझं संपलं, आता तू बघ. कुणाला म्हटलं ते मला ठाऊक नव्हतं. ती मागणी नव्हती, तक्रारही नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मी कारण न देता काहीतरी बोलले होते.

बराच वेळ बंद पडलेला माग पुन्हा चालू करताना पहिला ठोका चुकार पडतो, मग दुसरा, आणि मग लय लागते. तसा बाळाच्या गळ्यातून आवाज आला. आधी कुठून तरी लांबून, मग जवळ, आणि मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

“पोरगी हाय,” तायव्वा म्हणाली. “आन् भांडाय लागली बघ. तुझा हात लागलाय न्हवं.”

शेवंताला ताप भरला म्हणून मी तिथेच राहिले. डॉक्टरीणबाई परत आल्यावर येऊन बघून गेल्या. औषध माझ्या हातात दिलं आणि किती वेळा द्यायचं ते मलाच सांगितलं. पाचव्या दिवसापर्यंत ताप उतरला. त्या संध्याकाळी पाचवी पुजायची होती. त्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचं आयुष्य लिहिते, म्हणून तिच्यापुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. असल्या गोष्टींवर मी पूर्वी एक पत्रकच लिहिलं होतं, चांगलं जळजळीत. पण तायव्वा म्हणाली, सुईण तू, पूजा तुझ्याच हातची. पाच दिवस तिची भाकरी खाऊन मला नाही म्हणता येईना.

पाटा धुऊन मांडला, हळदकुंकू लावलं, विळा ठेवला, दिवा लावला. लेखणी म्हणून माझं पेन ठेवलं. कागद मात्र त्या घरात नव्हता. पिशवीत माझा अर्ज होता. मी तो काढला आणि कोरी बाजू वर करून पाट्यासमोर ठेवला. खरं तर मला बरंच वाटलं, कुठेतरी त्याचा उपयोग होतोय म्हणून. तायव्वाने तो उचलून दिव्याजवळ धरला आणि उलटा केला.

“ह्याच्यावर कुणीतरी आधीच लिवलंय की.”

“मागची बाजू कोरी हाय, आजी.”

“मागची फुडची न्हाय चालत. सटवाई आई यायच्या आधी दुसऱ्यानं लिवून ठेवलेलं तिला खपत न्हाय. मग पोरीच्या कपाळावर तेच उमटायचं.” तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, “काय लिवलंय ह्यात?”

मी म्हटलं, “मी चोर हाय, आणि माझा भाऊ वाईट हुता, असं.”

तायव्वाने माझ्याकडे बघितलं, मग झोळीतल्या पोरीकडे. “मग तर न्हायच चालत,” ती म्हणाली, आणि कागद चुलीशेजारी टाकला. “गल्लीच्या टोकाला मास्तर ऱ्हात्यात एक. त्यांच्याकडं असतोय कोरा. सुईणीनंच आणायचा असतोय, जा. दिवा हाय तंवर ये.”

तुम्हाला पुढचं कळलं असेल. मला कळलं नव्हतं. वखारीत राबणाऱ्यांच्या त्या गल्लीत कोरा कागद असलेलं घर एकच, आणि त्याचं दार उघडलं ते शाळेच्या त्याच हेडमास्तरांनी. केस सगळे पांढरे झाले होते. मला त्यांनी लगेच ओळखलं आणि दाराची चौकट धरली. ज्या उंबऱ्याला माझा पाय लागणार नव्हता त्याच्यासमोर मी उभी होते, आणि परत फिरायची सोय नव्हती. पलीकडे दिवा लागलेला, पूजा अडलेली, पोरीचं कपाळ कोरं. चार वर्षं मी या माणसासाठी एक भाषण घोकून ठेवलं होतं. तोंडातून आलं ते एवढंच: “एक कोरा कागद पायजे. सटवाईला.”

ते आत गेले आणि दोन कागद घेऊन आले. मग ते बोलले, न विचारता. यंत्र जागेवर नाही एवढंच त्यांनी ठाण्यावर सांगितलं होतं. चोरी हा शब्द पलीकडून लिहिला गेला. तो खोडा म्हणायची हिंमत त्यांना झाली नाही, कोर्टातही झाली नाही. त्यानंतर त्या शाळेत त्यांचं मन लागेना, म्हणून ते इथं मुलाकडे येऊन राहिले.

“मागितलं असतंस तर यंत्र मी दिलं असतं,” ते म्हणाले.

“नसतं दिलं तुम्ही.”

त्यांनी विचार केला. “न्हाय. नसतं दिलं,” ते म्हणाले. “खरं हाय तुझं.”

त्या एका कबुलीने माझं चार वर्षांचं भाषण जागच्या जागी विरलं. मी म्हटलं, दिवा लागलाय, जायला पाहिजे. दोनातला एक कागद त्यांनी मला दिला आणि दुसरा आपल्याजवळ ठेवला. सकाळी ते तो लिहून घेऊन आले. आपणच फिर्यादी होतो, यंत्र चळवळीच्या पत्रकांसाठी नेलं होतं, ते शाबूत परत मिळालं, आणि या मुलीला चोर म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे, असं त्यात होतं. नुसता कागद देऊन ते थांबले नाहीत. माझ्याबरोबर बेळगावला आले, त्याच बाकावर बसले, आणि नाळे बर्री ऐकून दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या खेपेला मला म्हणाले, “हे असं रोज?” मी म्हटलं, रोज.

कुणाला वाटेल, देवीची कृपा झाली म्हणजे दाखला दुसऱ्या दिवशी हातात पडला. नाही. देवीने दिलेलं कचेरीने आणखी कितीतरी महिने अडवून धरलं. मधल्या काळात डॉक्टरीणबाईंनी मला आया म्हणून कागदावर दाखवलं आणि कामाला लावलं, आणि जागा मोकळी ठेवली. अखेर दाखला आला, नोंदणीत नाव चढलं. आईने चौंडेश्वरीची ओटी भरली आणि म्हणाली, मागितलं म्हणून दिलं. मी या वेळी वाद घातला नाही, पण मला ठाऊक आहे की मी मागितलं होतं ते हे नव्हतं. मला मास्तरांचा पराभव हवा होता. मिळाला तो मास्तरांचा हात.

यात चमत्कार कुठे, असं माझे जुने सोबती विचारतात. गरिबांच्या गल्लीत कागद मास्तराकडेच असायचा, यात देवाचा काय संबंध? मी त्यांच्याशी भांडत नाही, आणि हेच त्यांना जास्त चमत्कारिक वाटतं. मी एवढंच म्हणते की माफी मागणं आणि शरण जाणं या दोन गोष्टी मी इतकी वर्षं एकच समजत होते, म्हणून दोन्हींना नकार देत होते. माफी मागायची तर दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुराखाली सही करावी लागते. शरण जायचं तर आपलाही मजकूर पुसून जावं लागतं. शेवंताच्या खोलीत, त्या निळ्या पोरीला हातात घेऊन, मी एकदाच कोऱ्या कागदासारखी झाले, आणि तेवढ्याने भागलं. सरकारवरचा माझा राग आहे तिथंच आहे. तो देवीने काढून घेतला नाही, यासाठीही मी तिची ऋणी आहे.

त्या माफीच्या अर्जाचं काय झालं, तेही सांगते. पाचवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तायव्वाने बाळंतिणीच्या आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटवली, ती त्याच कागदाने. चांगला जाड कागद होता, लगेच पेटला. शेवंता झोळीजवळ बसून पाट्यासमोरचा सटवाईचा कागद उलटसुलट करून बघत होती. काय लिहिलंय गं, तिने मला विचारलं. मी वाचून बघितला. काहीही नव्हतं. मी तो घडी करून पोरीच्या डोक्याखाली ठेवला आणि पाणी ऊन झालंय का ते बघायला उठले.